सायकलने शिनोळीपर्यंत

पन्नाशी ओलांडल्यावर सायकल घेतली, तेव्हा शेजारणीनं विचारलं, "स्कूटर विकली की काय?" साखर वाढलेली आणि गुडघ्यांमुळे फार चालवत नव्हतं, म्हणून सायकल.

पहिले दोन आठवडे टिळकवाडी ते हिंडलगा आणि परत. अंतर किरकोळ, पण मागून ट्रकचा हॉर्न वाजला की हात थरथरायचे. दम लागण्यापेक्षा ही भीतीच माणसाला घरी बसवते. नीट उजाडल्यावर निघायचं, मध्येच वळवळ न करता एका रेषेत चालवायचं, हे अंगवळणी पडलं तशी ती ओसरली.

मग दर आठवड्याला दोन-दोन किलोमीटर वाढवत सुळगा, उचगाव फाटा. चौथ्या आठवड्यात मात्र वाढवायचं नाही, पायांना उसंत हवी. पेडल अगदी खाली गेल्यावर गुडघा किंचितच वाकलेला राहील इतकी सीट उंच ठेवावी. माझी गुडघेदुखी त्यानंच कमी झाली. चढ लागायच्या आधीच हलका गिअर टाकावा. आणि आपल्याकडे पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणजे वेंगुर्ला रस्त्यानं जाताना तोंडावर, येताना पाठीवर. दमून परतताना यासारखं सुख नाही!

तीन महिन्यांनी हद्द ओलांडून शिनोळीत चहा घेतला. माझं माहेर तिथून पुढे, चंदगड तालुक्यातच. दादाला फोन केला. "तिथंच थांब, गाडी घेऊन येतो," तो म्हणाला.

म्हटलं, "येऊ नको. वहिनीला भाकरी टाकायला सांग."