पोलिसातील बढती आणि न्याय

उल्हासनगरच्या कॅम्प नंबर ३ मध्ये मध्यवर्ती पोलीस ठाणे आहे. समजा, तुमची मोटारसायकल चोरीला गेली, किंवा शेजाऱ्याशी झालेले भांडण हातघाईवर आले, आणि तुम्ही त्या ठाण्याची पायरी चढलात. समोर टेबलाशी ठाणे अंमलदार बसलेला असतो. तो तुमचे म्हणणे ऐकून घेतो, दोनचार प्रश्न विचारतो, आणि पुष्कळदा म्हणतो, "जरा बसा, साहेब येऊ द्यात." आता हे साहेब म्हणजे कोण? ते साहेब झाले कसे? त्यांच्याबरोबर भरती झालेला दुसरा एखादा शिपाई शिपाईच का राहिला? हा प्रश्न वरवर पाहता पोलीस खात्याच्या घरातला वाटतो. पण तो तुमच्याआमच्याही दाराशी येतो. कसा येतो, ते आज पाहू या.

उल्हासनगर हे गाव मुळी फाळणीतून उभे राहिले. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांना जागा मिळाली, आणि १९४९ साली गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. लष्कराच्या बराकी गेल्या, तरी 'कॅम्प' हा शब्द लोकांच्या तोंडी राहिला. आज येथे सिंधी, मराठी, हिंदी बोलणारे लोक दाटीने राहतात. दुकाने, कारखाने, रेल्वेची गर्दी, सगळेच दाट. अशा ठिकाणी पोलीस शिपाई कितीही कामसू असला, तरी त्याच्यावरचा अधिकारी समंजस नसेल, तर काम बिघडते. कोणाला कोणत्या कामावर पाठवायचे, तपास नीट चालला आहे की नाही, कोणते कलम लावायचे, गुन्हा आज नोंदवायचा की 'उद्या बघू' म्हणायचे, हे सारे वरचा अधिकारी ठरवतो.

याचे दुःखद उदाहरण लांबचे नाही. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही गावे ठाणे शहर पोलिसांच्या एकाच परिमंडळात, म्हणजे चौथ्या परिमंडळात येतात. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या एका शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाले. गुन्हा नोंदवायला उशीर झाला म्हणून लोकांचा संताप उसळला, आणि २० ऑगस्टला हजारो लोक रेल्वे रुळांवर उतरले. त्यानंतर सरकारने एक वरिष्ठ पोलीस निरीक्षक, एक सहायक उपनिरीक्षक आणि एक हवालदार अशा तिघांना निलंबित करण्याचे आदेश दिले. यात कोणाचा दोष किती, हा आजचा विषय नाही. पण त्या तीन पदांकडे जरा बघा. ठाण्यात आलेल्या आईबापांचे गाऱ्हाणे या पायऱ्यापायऱ्यांनीच वर जाते. एका पायरीवर चुकीचा माणूस बसला, की गाऱ्हाणे तिथेच अडते. म्हणून त्या पायरीवर कोण बसतो आणि कोणत्या रीतीने बसतो, हे समजून घेतले पाहिजे.

आधी ही शिडी पाहू. सर्वांत खाली पोलीस शिपाई. त्याच्या वर हवालदार. या दोहोंच्या मध्ये पूर्वी नाईक असे. ते पद २०२२ साली काढून टाकण्यात आले. हवालदाराच्या वर सहायक उपनिरीक्षक, त्याच्या वर उपनिरीक्षक, म्हणजे गावाकडे ज्याला आपण फौजदार म्हणतो तो. पुढे सहायक निरीक्षक, निरीक्षक, आणि त्यांच्या वर शहरात सहायक आयुक्त व जिल्ह्यात उपअधीक्षक. या शिडीत खरी उडी आहे ती फौजदाराच्या पायरीवर. कारण तिथपासून माणूस हुकूम पाळणाऱ्यांतून हुकूम देणाऱ्यांत जातो.

ही उडी खालच्याने मारायची, की बाहेरून माणूस आणून थेट त्या पायरीवर बसवायचा? हा वाद जुना आहे. लंडनच्या पोलिसात १८२९ पासून माणसे खालून वर चढत आली. १९३४ साली ट्रेंचर्ड यांनी हेंडन येथे कॉलेज काढून निवडक तरुणांना लवकर वर आणण्याचा प्रयोग केला; तो १९३९ साली महायुद्धाबरोबर बंद पडला. आपल्याकडे वाट वेगळी पडली. १९०२-०३ च्या पोलीस आयोगाने फौजदार थेट भरावेत, असा कौल दिला. त्यामागे साहेबी राज्याचा शिपायावरचा अविश्वास होता, तसाच शिकलेला माणूस खात्यात यावा हा हेतूही होता.

महाराष्ट्राने मधला मार्ग काढला. १९९५ च्या भरती नियमांनी फौजदाराच्या जागांचे तीन वाटे केले. निम्म्या जागा लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून बाहेरच्या उमेदवारांना. पाव जागा खात्यातल्याच माणसांना मर्यादित स्पर्धा परीक्षेतून. आणि उरलेल्या पाव जागा ज्येष्ठतेने बढती देऊन. या वाट्यांवर पुढेही वाद झाले आणि फेरबदलही झाले. परंतु त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. बाहेरून नवे शिक्षण यावे, खात्यातल्या हुशार तरुणाला लवकर वर येता यावे, आणि वर्षानुवर्षे राबलेल्याचाही मान राहावा.

आता यांतले कोणते माप न्यायाचे? शिक्षक बंधुभगिनींना ज्येष्ठता समजावून सांगायला नको. खाजगी शाळांच्या १९८१ च्या नियमांप्रमाणे मुख्याध्यापकाची जागा रिकामी झाली, की पात्र शिक्षकांतला सर्वांत ज्येष्ठ कोण, हे आधी पाहतात. ज्येष्ठतेचा मोठा गुण हा, की तिथे वशिला चालत नाही. भरतीची तारीख कोणाला बदलता येत नाही. पण तिचा दोषही तुम्ही शिक्षकखोलीत पाहिला असेल. वर्षे भरली म्हणजे दहा माणसांना सांभाळून घेण्याची हातोटी येतेच, असे नाही. शिवाय पोलिसात आणखी एक गंमत आहे. शिपाई-हवालदारांची ज्येष्ठता ज्या त्या जिल्ह्याची किंवा आयुक्तालयाची वेगळी असते. त्यामुळे एकाच वर्षी भरती झालेले दोन मित्र, एक ठाण्यात, एक दुसऱ्या जिल्ह्यात, वेगवेगळ्या वर्षी हवालदार होतात. ज्याच्या जिल्ह्यात जागा लवकर रिकाम्या होतात, तो पुढे जातो. यात कोणाची लबाडी नसते, पण मागे राहिलेल्याच्या मनात सल राहतोच.

मग परीक्षाच का घेऊ नये? परीक्षेत साहेबांची मर्जी चालत नाही, उत्तरपत्रिकेवर नाव नसते. कायदा ज्याला येत नाही, त्याने दुसऱ्याचा तपास तपासावा तरी कसा? हे खरे. पण परीक्षेलाही एक डोळा कमी असतो. गणपतीचा बंदोबस्त, निवडणुकीचा बंदोबस्त, रात्रपाळी, आणि सकाळी कोर्टात साक्ष, अशा धबडग्यात असलेला शिपाई आणि कार्यालयात ठराविक वेळ काम करणारा शिपाई हे दोघे एकाच पेपराला बसतात. पहिल्याला पुस्तक उघडायला वेळ कुठला? त्यामुळे परीक्षा न्यायाची व्हायची असेल, तर तिची तारीख व अभ्यासक्रम फार आधी कळला पाहिजे, आणि अभ्यासापुरती रजा सर्वांना सारखी मिळाली पाहिजे. दुसरे असे, की कलम पाठ असणे आणि घाबरलेल्या बाईशी धीराने बोलणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसऱ्याची पारख कागदावर होत नाही. ती रोजच्या कामातच होते.

रोजच्या कामाची पारख म्हणजे गोपनीय अहवाल. वर्षाच्या शेवटी वरचा अधिकारी हाताखालच्याविषयी शेरा लिहितो, आणि विभागीय पदोन्नती समिती ते शेरे वाचून निवडसूची करते. हा 'गोपनीय' शब्दच पूर्वी घात करी. शेरा वाईट असेल तरच कळवत. मध्यम असेल तर कळवतच नसत. देवदत्त नावाच्या एका केंद्र सरकारच्या अभियंत्याचे असेच झाले. बढतीसाठी 'अति उत्तम' शेरे हवे होते. एका वर्षी नुसता 'चांगला' मिळाला होता, आणि तो त्यांना कोणी कळवला नव्हता. तेवढ्यावर बढती गेली. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की शेरा कसाही असो, तो ज्याचा त्याला कळवलाच पाहिजे, आणि त्याविरुद्ध म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे. तोपर्यंत ते गृहस्थ सेवेतून निवृत्तही झाले होते. शाळेतला मुलगा नापास झाला तर आपण त्याला गुण दाखवतो. मग ज्याच्या संसाराचा प्रश्न आहे, त्याला त्याचे गुण का दाखवू नयेत?

आणखी एक अडचण पोलिसातच फार येते. पोलिसाविरुद्ध तक्रारी होतात. काही खऱ्या असतात. काही, त्याने ज्याला पकडले त्यानेच केलेल्या असतात. अशा माणसाच्या बढतीचे काय करावे? त्यासाठी मोहोरबंद लिफाफ्याची रीत आहे. समितीने त्याचा विचार इतरांसारखाच करायचा, आणि निर्णय लिफाफ्यात घालून मोहोर लावून ठेवायचा. चौकशीत तो निर्दोष ठरला, की लिफाफा उघडायचा. १९९१ साली जानकीरामन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की नुसती तक्रार आली म्हणून ही रीत लावता येत नाही. खात्याचे किंवा कोर्टातले दोषारोपपत्र प्रत्यक्ष दिलेले असले पाहिजे. नाहीतर कोणाचीही बढती अडवायला एक निनावी पत्र पुरले असते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बढती मिळणे हा कोणाचा हक्क नाही. पण राज्यघटनेच्या सोळाव्या अनुच्छेदाप्रमाणे बढतीसाठी आपला न्याय्य विचार होणे, हा मात्र हक्क आहे.

समान संधी म्हटले की आरक्षणाचा प्रश्न येतो. ज्या समाजांना पिढ्यान्‌पिढ्या ठाण्याच्या बाहेर उभे केले गेले, त्यांची माणसे आत खुर्चीवर दिसली पाहिजेत, हाही न्यायच आहे. १९९५ च्या ७७ व्या घटनादुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींसाठी बढतीत आरक्षणाची वाट खुली केली. २००६ च्या नागराज निकालाने त्याला अटी घातल्या. महाराष्ट्रात हा वाद न्यायालयांत अडकला, आणि त्याचा चटका कसा बसतो, ते २०१८ च्या ऑक्टोबरात नाशिकला दिसले. खात्याची परीक्षा देऊन, महाराष्ट्र पोलीस अकादमीत फौजदारकीचे शिक्षण पुरे केलेल्या १५४ जणांना, प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या आदेशानंतर, मूळ पदावर परत जाण्यास सांगण्यात आले. घरी आईबाप मुलाच्या खांद्यावर तारे बघायची वाट पाहत होते. त्या मुलांनी काय चुकवले होते? परीक्षा दिली, शिक्षण घेतले. चुकले असेल तर इतकेच, की नियमाचा वाद परीक्षेच्या आधी मिटला नव्हता. शर्यत संपल्यावर नियम ठरू लागले, की जिंकणारा आणि हरणारा दोघेही स्वतःला फसवले गेलेले समजतात.

राहिला प्रश्न, की हे सारे ठरवायचे कोणी? एकट्या साहेबाने ठरवले तर मर्जी आली. पुढाऱ्याने ठरवले तर चिठ्ठी आली. निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांनी केलेल्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी राज्यांना आज्ञा दिली, की उपअधीक्षक व त्याखालच्या अधिकाऱ्यांच्या बदल्या, नेमणुका, बढत्या यांसाठी खात्यातल्याच वरिष्ठांचे आस्थापना मंडळ असावे. महाराष्ट्राने २०१४ साली पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून अशी मंडळे कायद्यात आणली. मंडळात चारपाच जण बसले, प्रत्येकाला सही करावी लागली, की मनमानीला जरा लगाम बसतो. त्याउपर अन्याय वाटलाच, तर १९९१ पासून महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाचे दार आहे. पण बढतीचा प्रत्येक निर्णय तिथे जाऊ लागला, तर अधिकारी निवृत्त होईपर्यंत निकाल लागत नाही. म्हणून न्याय आधीच, ठाण्याच्या आणि आयुक्तालयाच्या कागदांतच झालेला बरा.

आणि सर्वांना साहेब करता येत नाही, हेही कबूल केले पाहिजे. शिडी वर निमुळती होत जाते. त्यासाठी सरकारने आश्वासित प्रगती योजना केली आहे. दहा, वीस आणि तीस वर्षांच्या सेवेनंतर पद नसले तरी वरची वेतनश्रेणी मिळते. हे योग्यच आहे. संसार चालायला पगार वाढला पाहिजे. पण इतरांवर देखरेख करायला मात्र देखरेखीची लायकीच लागते. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या, तर पगारासाठी कोणाला नको त्या खुर्चीवर बसवावे लागत नाही.

मग न्यायाची बढती ओळखायची कशी? ज्येष्ठतेची यादी वेळच्या वेळी सर्वांना दिसावी व तिच्यावर हरकत घेता यावी. परीक्षेचे आणि आरक्षणाचे नियम आधी पक्के व्हावेत. वर्षाचा शेरा ज्याचा त्याला कळावा. निर्णय एकट्याने न घेता मंडळाने घ्यावा आणि त्याची कारणे लिहावीत. हे सारे झाले, तर ज्याला बढती मिळाली नाही तोही दुसऱ्या दिवशी कामावर मन लावून येतो. आणि ज्या शिपायाला स्वतःला खात्यात न्याय मिळाला, त्याच्याकडून आपल्याला न्यायाची अपेक्षा जरा अधिक भरवशाने करता येते.

गावोगावच्या शिक्षकांना एक विनंती करतो. तुमच्या हातची कितीतरी मुले-मुली पोलीस भरतीसाठी पहाटे माळावर धावतात. त्यांना धावण्याबरोबर हेही सांगा, की शिपाई म्हणून लागलात तरी शिक्षण सोडू नका. खात्याच्या स्पर्धा परीक्षेला शिक्षण जितके अधिक, तितकी सेवेच्या वर्षांची अट कमी ठेवण्याची रीत आहे. आणि आपण नागरिकांनी हे ध्यानात ठेवावे, की ठाण्यात गुन्हा नोंदवायला नकार मिळाला, तर लेखी तक्रार टपालाने जिल्ह्यात पोलीस अधीक्षकांकडे, शहरात उपायुक्तांकडे पाठवता येते. ती तक्रार वाचणारा अधिकारीही याच शिडीने वर आलेला, किंवा तिच्या वरच्या टोकाशी बसलेला असतो. चांगले काम करणारा फौजदार तुमच्या गावात असेल, तर त्याच्या वरिष्ठांना चार ओळी लिहून तेही जरूर कळवा. वाईटाची तक्रार आपण करतो. चांगल्याचीही दखल कागदावर यायला हवी.