फायर सायडर

फायर सायडर : सफरचंदाच्या व्हिनेगरात आले, लसूण, कांदा, मिरची, हॉर्सरॅडिश या वनस्पतीचे तिखट मूळ इ. पदार्थ तीन ते चार आठवडे मुरवून, गाळून व मध मिसळून केलेले घरगुती पेय. हिवाळ्यात, विशेषतः सर्दी-पडशाच्या दिवसांत, ते चमचा-दोन चमचे घेण्याची प्रथा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आढळते. नावातील ‘सायडर’ या शब्दाने सफरचंदाच्या आंबवलेल्या रसापासून झालेल्या व्हिनेगराचा व ‘फायर’ म्हणजे अग्नी या शब्दाने तिखटपणाचा बोध होतो. पेय म्हटले, तरी ते घटाघटा पिण्याचे नव्हे.

व्हिनेगर व मध एकत्र करून औषध म्हणून देण्याची कल्पना फार जुनी आहे. प्राचीन ग्रीक वैद्य अशा मिश्रणास ऑक्सिमेल म्हणत. हिपॉक्राटीझ यांच्या नावावर असलेल्या ग्रंथसंग्रहात तीव्र आजारांतील पथ्याच्या संदर्भात त्याचा विचार केलेला आहे. सिरका आणि अंगबीन म्हणजे मध या दोन फार्सी शब्दांवरून नाव पडलेले सिकंजबीन हे त्याच जातीचे असून युनानी वैद्यकाबरोबर ते भारतात आले. आयुर्वेदातही शुक्त, कांजिक ही आंबवून केलेली अम्ल द्रव्ये प्रसिद्ध आहेत. प्लेगने मेलेल्यांची घरे लुटणारे चोर वनस्पती मुरवलेल्या व्हिनेगरामुळे रोगापासून बचावले, अशी कथा ‘चार चोरांचे व्हिनेगर’ या यूरोपीय द्रव्याविषयी सांगतात. ती आख्यायिकाच समजावी.

फायर सायडर हे नाव मात्र अलीकडचे आहे. कॅलिफोर्नियातील वनौषधितज्ज्ञ रोझमेरी ग्लॅडस्टार यांनी १९८० च्या सुमारास आपल्या विद्यार्थ्यांना ही कृती शिकविली व ती मुक्तपणे पसरू दिली. पुढे अनेक लहान उत्पादक याच नावाने ते विकू लागले. २०१२ मध्ये त्यांपैकी एका कंपनीस या नावाचे व्यापारचिन्ह नोंदवून मिळाले. तेव्हा इतर उत्पादकांना ते नाव वापरणे अवघड होऊन मोठा वाद झाला व प्रकरण न्यायालयात गेले. २०१९ मध्ये मॅसॅचूसेट्समधील संघीय न्यायालयाने हे नाव सर्वसामान्य आहे, म्हणजे ते विशिष्ट उत्पादकाचे नसून पदार्थाच्या प्रकाराचे आहे, असा निर्णय दिला. जखमेवर हळद वापरण्याबद्दल अमेरिकेत दिलेले एकस्व भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने हरकत घेतल्यानंतर १९९७ मध्ये रद्द झाले, त्याची येथे आठवण होते. एकस्व व व्यापारचिन्ह या कायद्याच्या दृष्टीने भिन्न गोष्टी असल्या, तरी घराघरांत वापरात असलेल्या गोष्टीवर एकाची मालकी असावी काय, हा प्रश्न दोहोंत समान होता.

या पेयाची सुरक्षितता व्हिनेगराच्या अम्लतेवर अवलंबून असते. लसूण, कांदा, आले यांना चिकटलेल्या मातीबरोबर क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या सूक्ष्मजंतूची बीजुके येऊ शकतात. हवा नसलेल्या व अम्लता कमी असलेल्या जागी ती रुजून अत्यंत मारक विष निर्माण करतात. कॅनडातील व्हँकूव्हर येथे १९८५ मध्ये तेलात ठेवलेल्या चिरलेल्या लसणामुळे अशी विषबाधा झाली होती. पीएच मूल्य ४·६ पेक्षा कमी असेल, तर या जंतूची वाढ होत नाही. व्हिनेगराचे पीएच मूल्य सामान्यतः ३ च्या आसपास वा त्याहून कमी असते. त्यामुळे लसूण तेलात मुरविणे जितके धोक्याचे, तितके ते व्हिनेगरात नाही. तथापि ताज्या भाज्यांत बहुतांश पाणीच असल्याने त्या व्हिनेगर पातळ करतात, ही गोष्ट पुष्कळदा ध्यानात घेतली जात नाही. ५ टक्के ॲसिटिक अम्ल असलेल्या ५०० मिलि. व्हिनेगरात ५०० ग्रॅ. भाज्या घातल्या व त्यांतील सु. ४०० मिलि. पाणी त्यात उतरले, तर अम्लाचे प्रमाण २·८ टक्क्यांवर येते. ७०० मिलि. व्हिनेगरास ३०० ग्रॅ. भाज्या घेतल्यास ते ३·७ टक्क्यांच्या आसपास राहते. म्हणून व्हिनेगर भाज्यांच्या दुपटीहून अधिक असावे. भारतात आंबवून केलेल्या व्हिनेगरात किमान ३·७५ टक्के अम्ल असावे असा नियम आहे. या कामासाठी मात्र बाटलीवर ५ टक्के लिहिलेले व्हिनेगर निवडणे इष्ट. [⟶ व्हिनेगर].

कृती : वरील मापासाठी आले व हॉर्सरॅडिश किसून प्रत्येकी सु. ८० ग्रॅ., एक लहान कांदा, लसणाच्या दहा-बारा पाकळ्या, दोन हिरव्या मिरच्या व ओल्या हळदीचा लहान तुकडा घेतात. लिंबाची साल व रोझमेरीची एखादी काडीही घालतात. सर्व जिन्नस स्वच्छ धुऊन पुसून कोरडे करावेत. लसूण ठेचल्यावर लगेच व्हिनेगरात टाकू नये. लसणातील ॲलिइन या संयुगावर ॲलिइनेज या एंझाइमाची क्रिया होऊन ॲलिसीन हे उग्र द्रव्य तयार होते आणि हे एंझाइम तीव्र अम्लात निकामी होते. यासाठी ठेचलेला लसूण दहा मिनिटे तसाच ठेवतात. हॉर्सरॅडिशचेही तसेच आहे : किसल्यानंतर त्याचा झणका वाढत जातो व व्हिनेगर पडताच ती वाढ थांबते. सौम्य चव हवी असल्यास ताबडतोब, तिखट हवी असल्यास दोन-तीन मिनिटांनी व्हिनेगर ओतावे.

जिन्नस काचेच्या वा चिनी मातीच्या बरणीत भरून ते पूर्ण बुडतील इतके व्हिनेगर ओततात. तांब्या-पितळेची व ॲल्युमिनियमची भांडी वर्ज्य होत. झाकण धातूचे असल्यास त्याखाली मेणकागद ठेवावा, नाहीतर ते गंजते. बरणी अंधाऱ्या व थंड जागी ठेवून रोज हलवावी. या काळात लसूण कधी कधी हिरवा-निळा पडतो. तो बिघडला असे समजून पुष्कळजण बरणी ओतून देतात, परंतु हा रंग लसणातील गंधकयुक्त संयुगांच्या विक्रियेमुळे येतो व निरुपद्रवी असतो. उत्तर चीनमध्ये ‘लाबा’ लसूण मुद्दाम असा हिरवा करून खातात. तरंगणाऱ्या तुकड्यांवर केसाळ बुरशी आल्यास मात्र सर्व टाकून द्यावे. तीन-चार आठवड्यांनी फडक्यातून पिळून गाळतात, चवीप्रमाणे मध मिसळतात व शीतकपाटात ठेवतात. उरलेला चोथा चटणीत वाटता येतो.

हॉर्सरॅडिश (आर्मोरॅशिया रस्टिकाना) ही मोहरीच्या कुलातील वनस्पती महाराष्ट्रात सहसा मिळत नाही. शेवग्याच्या मुळाची चव तिच्यासारखी असल्याने भारतातील इंग्रजांनी शेवग्यालाच ‘हॉर्सरॅडिशचे झाड’ असे नाव दिले व ते मूळ जेवणात वापरले. पण शेवग्याच्या मुळाच्या सालीत विषारी अल्कलॉइडे असतात. तो पर्याय टाळावा. पांढरा मुळा व थोडी भरडलेली मोहरी यांनी काम भागते. सफरचंदाच्या व्हिनेगराऐवजी गोव्यातील माडाच्या सुरेचे व्हिनेगर चालू शकेल, मात्र घरगुती व्हिनेगराची अम्लता ठाऊक नसते. गोव्यात लसूण, आले व मिरच्या याच व्हिनेगरात वाटून विंदालूचा मसाला करतात. तिखट व आंबट यांची ही जोडी तेथे औषध म्हणून नव्हे, तर जेवण म्हणून नांदते.

औषधी गुणांचे दावे तपासून घ्यावे लागतात. या मिश्रणाने सर्दी टळते वा बरी होते, असे नियंत्रित चाचण्यांनी सिद्ध झालेले नाही. लसणाविषयी २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन समीक्षेत निकषांना उतरणारी एकच चाचणी आढळली. तीत १४६ व्यक्ती होत्या व लसणाच्या गोळ्या घेणाऱ्यांना सर्दी कमी वेळा झाली. गोळ्यांचा हा निष्कर्ष व्हिनेगरात मुरलेल्या लसणास लावता येत नाही. हळदीबरोबर मिरी घालण्याची शिफारस बंगलोर येथील १९९८ च्या प्रयोगावर आधारलेली आहे. त्यात मिरीतील पायपरिनामुळे कुर्क्युमिनाचे शोषण पुष्कळ वाढल्याचे दिसले, परंतु तेथे २ ग्रॅ. कुर्क्युमीन दिले होते. कुर्क्युमीन पाण्यात वा व्हिनेगरात जवळजवळ विरघळत नाही, तेव्हा चमचाभर गाळलेल्या पेयात ते नगण्यच असणार. तिखटाने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, घशाला ऊब येते व जेवणाआधी घेतल्यास तोंडाला पाणी सुटते, एवढे मात्र अनुभवाला येते.

व्हिनेगर न पातळ करता वारंवार घेतल्यास दातांचे एनॅमल झिजते. म्हणून चमचाभर पेय पेलाभर पाण्यात घेऊन नंतर चूळ भरावी. आम्लपित्त वा जठरव्रण असणाऱ्यांनी ते घेऊ नये. रक्त पातळ करणारी, मधुमेहावरील अथवा लघवी वाढविणारी औषधे चालू असल्यास वैद्याचा सल्ला घ्यावा. दीर्घकाळ मोठ्या प्रमाणात व्हिनेगर प्याल्याने रक्तातील पोटॅशियम घटल्याची नोंद वैद्यकीय वाङ्‌मयात आहे. मधात बोट्युलिनमची बीजुके असू शकतात व तान्ह्या मुलांच्या आतड्यात ती रुजतात. त्यामुळे एक वर्षाखालील बालकास हे पेय चाटवूही नये.