दम लागतो तेव्हा मनही घाबरते

किनवट-माहूर भागातल्या गोंड गुड्यांवर आणि कोलाम पोडांवर फिरताना चुलीपुढे आयुष्य गेलेल्या, जुनाट खोकल्याने बेजार बाया मला नेहमी भेटतात. वर्षानुवर्षे लाकडाचा धूर छातीत गेला की श्वासनलिका अरुंद होतात, फुप्फुसांची लवचीकता जाते. कधी बिडी न ओढलेल्या बाईलाही हा आजार होतो. डॉक्टर त्याला सीओपीडी म्हणतात. २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३५ लाख माणसे त्याने दगावली.

या आजाराला मनाचीही बाजू आहे, आणि ती केसपेपरवर सहसा येत नाही. अशा रुग्णाला श्वास घेण्यापेक्षा सोडताना जास्त त्रास होतो. दम लागला की माणूस घाबरतो. घाबरला की भराभर, उथळ श्वास घेतो. आधीची हवा पुरती बाहेर पडत नाही, छाती फुगलेलीच राहते आणि दम आणखी वाढतो. हळूहळू ही भीती घर करते. बाई पाण्याला जाईना, बाजाराला जाईना, रविवारी उपासनेला येईना. बसून राहिल्याने पायांतले बळ जाते आणि चार पावलांतच धाप लागते. त्यात थुंकी तपासण्याआधीच लोक टीबी ठरवून ताट वेगळे करतात. उदासी येते, आणि उदास माणूस इनहेलर घ्यायचे सोडून देतो.

एक आजी मला म्हणाल्या, "दिवसा भागतंय बाई, रातच्याला वाटतंय सकाळ दिसंल का नाही." घरचे म्हणत, नाटके करते. प्रार्थनेला येणारे म्हणत, विश्वास कमी पडतो. मला हे दुसरे जास्त खटकते. छातीत अडकलेल्या हवेचा विश्वासाशी काय संबंध?

धाप लागलेल्याला पुढे वाकून, कोपरे मांड्यांवर टेकवून बसवा. नाकाने श्वास घ्यायचा आणि बशीतला चहा फुंकतो तसा ओठांचा चंबू करून सावकाश सोडायचा. शेजारी बसून तुम्हीही तसेच करा. घाबरलेल्याला नुसत्या सूचनांपेक्षा सोबतीने लवकर जमते. भेटीला जाल तेव्हा खोकल्याबरोबर झोपेचे आणि मन कशात रमते का, हेही विचारा. दोन आठवडे मन उदास असेल तर डॉक्टरांना सांगा. नांदेड व लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत छातीचे आणि मनाचे, दोन्ही डॉक्टर आहेत. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येते. झोपेच्या गोळ्या मात्र परस्पर आणून देऊ नका; काही गोळ्यांनी श्वास मंदावतो. आणि ओठ निळे पडले, किंवा एक वाक्यही सलग बोलवेना, तर फुंकर घालत बसू नका, १०८ ला फोन करा.