ठिपक्यांतला ‘ळ’

मी बँकेत होतो तेव्हा पासबुकावर नावे इंग्रजीत छापली जायची. काळे की काले, हे ग्राहकाला विचारूनच कळायचे. तेव्हापासून संगणकात कुठलाही नवा टंक दिसला, की मी आधी ‘ळ’ शोधतो.

‘युनिफॉन्ट’ हा रोमान चिबोरा यांनी १९९८ साली सुरू केलेला ठिपक्यांचा टंक. अक्षर सोळा ओळींच्या चौकटीत बसते. भरलेला ठिपका म्हणजे एक, रिकामा म्हणजे शून्य. फाईल उघडली तर मात्र अक्षर कुठेच नाही, नुसती आकड्यांची रांग. (आमच्या खतावण्या बऱ्या!)

या टंकासोबत ‘युनिहेक्सटूबीएमपी’ नावाचा छोटा प्रोग्राम मिळतो. माऊस नाही, चित्रे नाहीत. एका ओळीत आज्ञा टाइप करायची. लगेच २५६ घरांचा तक्ता चित्ररूपाने तयार! एका पानावर अर्धी घरे देवनागरीची, अर्धी बंगालीची. आकड्यांत लपलेले वाकडे अक्षर इथे चटकन डोळ्यांत भरते. चित्रातच ठिपके दुरुस्त करावेत आणि जोडीच्या प्रोग्रामने पुन्हा आकडे करून घ्यावेत.

०९३३ क्रमांकाच्या घरात माझा ‘ळ’ बसलेला होता. ‘ज्ञ’ मात्र सापडेना. युनिकोडच्या या तक्त्यात जोडाक्षरांना स्वतंत्र घर नाही. ज, हलन्त आणि ञ तीन निरनिराळ्या घरांत. आमच्या ज्ञानेश्वररावांना हे कसे सांगावे?