चिनी संभाषण आणि मराठी कान

चिनी भाषेशी बडोद्याचा संबंध आजचा नाही. १९२९ साली येथील ‘गायकवाड ओरिएंटल सिरीज’मध्ये इटालियन पंडित ज्युसेप्पे तुच्ची यांचा दिङ्नागपूर्व बौद्ध तर्कशास्त्रावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. तो चिनी भाषांतरांच्या आधारे सिद्ध केलेला होता. पुण्याचे प्रा. पु. वि. बापट यांच्यासारख्या विद्वानांनीही बौद्ध साहित्यासाठी चिनीचा व्यासंग केला. ही झाली ग्रंथांतील चिनी. दुसरी चिनी सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांनी आत्मसात केली. १९३८ साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात ते होते. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते तेथेच वारले. त्या चार वर्षांत ते चिनी शिकले ते रुग्ण, सहकारी आणि सैनिक यांच्यात वावरून.

आजच्या विद्यार्थ्याला तसा सहवास क्वचितच लाभतो. त्याची जागा काही अंशी समाजमाध्यमांवरील रोजच्या गप्पांनी भरून निघू शकते. परंतु या गप्पांतून नेमके काय शिकावयाचे, हे कळले नाही तर नुसता वेळ जातो.

चिनी भाषेच्या परीक्षेच्या २०१० च्या आराखड्यात तिसऱ्या पातळीला ६०० आणि चौथ्या पातळीला १२०० शब्द अपेक्षित होते. पण एवढे शब्द पाठ झालेला विद्यार्थीही खऱ्या संभाषणात अडखळतो. याचे कारण असे की, मध्यम पातळीवर शब्दापेक्षा बोलणाऱ्याचा हेतू ओळखणे अधिक महत्त्वाचे असते. आणि हा हेतू बहुधा अगदी लहान शब्दांत दडलेला असतो.

उदाहरणार्थ, होकार घ्या. (येथे चिनी शब्दांचे जवळचे उच्चार देवनागरीत दिले आहेत.) ‘हाओ’ म्हणजे ‘बरं’. ‘हाओ द’ म्हणजे ‘ठीक आहे, तसं करतो’. पण ‘हाओ पा’ म्हटले की त्यात नाखुषी डोकावते. आपण ‘बरं बाबा, तू म्हणतोस तर तसं’ म्हणतो, तसे. इंग्रजीतून शिकविणाऱ्या पुस्तकात या तिहींचा अर्थ पुष्कळदा एकच दिलेला असतो. मराठी माणसाला मात्र ‘बरं’, ‘बरं बरं’ आणि ‘बरं बाबा’ यांतील फरक शिकवावा लागत नाही. ‘ये’, ‘ये ना’ आणि ‘ये की’ यांतील छटा ज्याला ठाऊक आहेत, त्याने चिनीतील ‘पा’, ‘मा’, ‘न’ या शब्दांना भिण्याचे कारण नाही.

अशी साम्ये आणखीही आहेत. ‘छर ल मा’ म्हणजे ‘जेवलास का?’. ही पुष्कळदा केवळ विचारपूस असते. आपल्या ‘जेवण झालं का?’ प्रमाणेच. पाहुणा निघाला की चिनी माणूस ‘मान त्सोउ’, म्हणजे ‘सावकाश जा’, असे म्हणतो. अनोळखी माणसालाही थोरला भाऊ किंवा बहीण म्हणून हाक मारण्याची रीत तेथे आहे. आपणही दादा, ताई म्हणतोच. उत्तरेकडील चिनीत ‘त्सान-मन’ हा शब्द ऐकणाऱ्याला सामावून घेतो, तर ‘वो-मन’ त्याला वगळूनही वापरता येतो. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांचा भेद जाणणाऱ्याला हे चटकन उमगते. गुजराती मित्रांनाही ते सोपे जाईल. कन्नड मित्रांना मात्र थोडे समजावून द्यावे लागेल, कारण आजच्या कन्नडात दोन्हींसाठी ‘नावु’ हा एकच शब्द आहे.

उच्चारांतही थोडी अनुकूलता आहे. जिभेचे टोक दातांमागे ठेवून केलेला ‘च’ चिनीत आहे; तो ‘चमचा’ या शब्दात आपण नित्य उच्चारतो. दुसऱ्या प्रकारच्या ‘च’साठी मात्र जीभ ‘चहा’पेक्षाही मागे वळवावी लागते. रोमन लिपीत ‘बी’ हे अक्षर दिसले तरी चिनी उच्चार ‘प’च्या जवळचा असतो, हेही ध्यानात ठेवावे.

साम्यावर विसंबून मात्र राहू नये. लेखी गप्पांत ‘हा-हा’ हे हसू असते, पण ‘ह-ह’ हे बहुधा कुत्सित किंवा थंड मानले जाते. साधा स्मितहास्याचा चेहराही तरुण मंडळींत तुटकपणाचा वाटतो. वडीलधारी माणसे तोच चेहरा मनापासून पाठवितात. एकदा ‘अं’ म्हणणे कोरडे, दोनदा ‘अं-अं’ म्हणणे आपुलकीचे. कोणी ‘८८’ लिहिले तर तो निरोप आहे, कारण या आकड्यांचा उच्चार ‘पा-पा’ होतो आणि तो ‘बाय-बाय’ला जवळचा आहे.

या बारकाव्यांवर व्यवहारही अवलंबून असतो. समजा, एखादा पदवीधर पुढे कारखान्यासाठी माल मागविण्याच्या कामावर लागला आणि पलीकडून उत्तर आले, ‘त्साइ-श्वो पा’. शब्दशः अर्थ ‘नंतर बोलू’. हे वचन समजून जो थांबून राहील, तो बहुधा फसेल. आपल्याकडे ‘बघू पुढे’ म्हणजे काय, हे ज्याला माहीत आहे, तो वेळीच दुसरीकडे चौकशी करील.

आता साधनांविषयी. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ५९ चिनी अ‍ॅप्सवर बंदी घातली. त्यांत ‘वीचॅट’ आणि ‘वेइबो’ ही दोन्ही होती. त्यामुळे चीनमधील गप्पांचा सरळ मार्ग बंद झाला. परंतु चिनी केवळ चीनमध्येच बोलली जात नाही. तैवान, सिंगापूर आणि मलेशिया येथील बोलणाऱ्यांशी अन्य माध्यमांतून भाषेची देवाणघेवाण करता येते. तैवानात जुनी, अधिक रेघांची अक्षरे चालतात, तर सिंगापुरात सोपी केलेली. तेव्हा आरंभी एकच पद्धत धरावी.

अभ्यास थोडा पण नेमाने करावा. रोज तीन-चार ओळींचा एकच संवाद घ्यावा. तो वहीत हाताने उतरवावा; कारण यंत्रावर उच्चार टंकला की अक्षर आपोआप पुढे येते आणि हाताला वळण लागत नाही. ‘असणे’ आणि ‘पुन्हा’ या दोहोंचा चिनी उच्चार ‘त्साइ’ असाच आहे, सूरही तोच. त्यामुळे तेथील लोकही टंकताना एकासाठी दुसरे अक्षर घालतात. म्हणून गप्पांतील प्रत्येक ओळ शुद्ध मानू नये, शब्दकोश जवळ ठेवावा. नंतर संवाद मोठ्याने वाचावा, कारण चिनीचे चार सूर लेखी गप्पांत दिसत नाहीत. शेवटी त्याचे मराठीत भाषांतर करावे, इंग्रजीत नव्हे. अगदी घरात बोलतो त्या मराठीत करावे. ‘हाओ पा’ समोर ‘बरं बाबा’ असे लिहिता आले, की ती ओळ आपली झाली असे समजावे.