वजन आणि तरुणींचा श्वास
फुप्फुसांची क्षमता साधारण विशीच्या पहिल्या निम्म्यात कमाल होते. वजन वाढले की आधी घटतो तो राखीव उच्छ्वास, म्हणजे नेहमीचा श्वास सोडून झाल्यावरही जोर लावून बाहेर काढता येणारी हवा. पोटातील चरबी श्वासपटल वर ढकलते, छातीवरची चरबी बरगड्यांच्या हालचालीला अडवते. बीएमआय, म्हणजे उंचीच्या तुलनेत वजनाचा निर्देशांक, 30 झालेल्या व्यक्तीत हा राखीव साठा बीएमआय 20 असलेल्यांच्या तुलनेत जवळपास निम्माच असतो. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा आणि जोराने सोडलेली एकूण हवा यांचे गुणोत्तर मात्र बहुधा टिकते. त्यामुळे स्पायरोमेट्रीचा, म्हणजे सोडलेली हवा मोजणाऱ्या चाचणीचा, अहवाल ठीक आला, तरी जिना चढताना लागणारी धाप खरी असते. तिला आळस म्हणणे अन्यायाचे आहे.

कमी वजनाचीही हानी होते, आणि भारतात तिच्याकडे फार दुर्लक्ष होते. कुपोषणाने श्वासपटलाचे स्नायूच अशक्त होतात. मग पूर्ण श्वास ओढणे आणि जोराने खोकणे, दोन्ही कमी पडते.

भारतीयांसाठी 18.5 ते 22.9 हा बीएमआय योग्य मानतात. स्त्रियांच्या कंबरेचा घेर 80 सेंटीमीटरच्या आत असावा. चरबीमुळे घटलेला राखीव उच्छ्वास वजन उतरल्यावर बऱ्याच अंशी परत येतो.