फीडबॅक तोडून वॉट वाढत नाहीत

पडेगावात लग्नसराई तोंडावर आली, की साउंड दुरुस्तीच्या टेबलावर एक सल्ला हमखास कानी पडतो: ‘निगेटिव्ह फीडबॅकचा रेझिस्टर काढून टाका, आवाज दुप्पट होईल.’ कितीही समजावा, हा सल्ला काही मरत नाही. जळतो तो गिऱ्हाइकाचा स्पीकर.

आउटपुटचा ठरावीक हिस्सा उलटा करून इनपुटला परत देणं म्हणजे निगेटिव्ह फीडबॅक. तो दिला, की गेन, म्हणजे सिग्नल किती पट मोठा होतो ते, घटतो, हे खरं. पण गेन म्हणजे पॉवर नव्हे! पॉवरची कमाल मर्यादा सप्लायचं व्होल्टेज आणि स्पीकरचे ओहम ठरवतात. आउटपुट जास्तीत जास्त 32 व्होल्टच्या शिखरापर्यंत जात असेल, तर 8 ओहमवर स्वच्छ आवाजाचे 64 वॉटच मिळणार. गेन वाढवला की व्हॉल्यूमचं बटण थोडं फिरवताच ‘फुल’ होतं. त्यापुढे लाटेचे माथे छाटले जातात आणि आवाज फाटतो.

टीडीए 2030 या अॅम्प्लिफायर आयसीचा दुहेरी सप्लायवरचा नेहमीचा बोर्ड बघा. फीडबॅकला 22 के, त्याच्या जोडीला 680 ओहम, म्हणून गेन साधारण 33. त्या 680 च्या मागे कपॅसिटर असतो, तो डीसी अडवतो. 22 के उपटला, की डीसीला आवरणारं काहीच उरत नाही. आउटपुट सप्लायच्या एका टोकाला जाऊन चिकटतं आणि स्पीकरच्या कॉइलमधून सरळ डीसी वाहतो.

इंजिनिअर हॅरॉल्ड ब्लॅक यांना निगेटिव्ह फीडबॅकची ही युक्ती 2 ऑगस्ट 1927 रोजी हडसन नदीच्या फेरीबोटीत सुचली. आकृती त्यांनी हातातल्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’वरच काढली. टेलिफोनच्या लांब लाइनवर एकामागोमाग एक अॅम्प्लिफायर लागत आणि प्रत्येकाचं डिस्टॉर्शन पुढच्यात साठत जाई, त्यावरचा हा उपाय. मूळ गेन एक लाख असताना फीडबॅकने तो 100 च्या आसपास आणून ठेवा. मग मूळ गेन निम्म्यावर आला, तरी प्रत्यक्ष गेन 99.9 चा 99.8 होतो, बस्स. डिस्टॉर्शनही असंच दबतं.

‘फीडबॅकने आवाज मेल्यासारखा होतो’ या तक्रारीला थोडा आधार आहे. ऑडिओ इंजिनिअर पीटर बॅक्झँडल यांनी 1978 साली ‘वायरलेस वर्ल्ड’मध्ये दाखवलं, की जेमतेम फीडबॅक दिला तर वरचे हार्मोनिक वाढू शकतात, भरपूर दिला की तेही खाली बसतात.

माईकची शिट्टी? तो पॉझिटिव्ह फीडबॅक, स्पीकरचा आवाज माईकमध्ये परत शिरल्याचा.

‘मग फीडबॅक जितका जास्त तितका बरा’ हेही चूक. फार वरच्या फ्रिक्वेन्सीला फेज सरकते, निगेटिव्हचा पॉझिटिव्ह होतो, अॅम्प्लिफायर आपोआप ऑसिलेट करू लागतो आणि गाणं बंद असतानाही हीटसिंक तापते. ते आवरायला अनेक बोर्डांवर काही पिकोफॅरडचा छोटा कपॅसिटर असतो. ‘एवढ्याशाने काय होतंय’ म्हणून तोही काढू नका.